मरळ : आटत्या पाण्यातली मासळी आणि गळाचा छंद

नाव आणि ओळख

मरळ ही महाराष्ट्रातल्या नद्या, ओढे, तळी आणि विहिरी यांत मुळापासून राहणारी गोड्या पाण्यातली शिकारी मासळी आहे. अंग लांब आणि दंडगोल, डोके वरून चपटे व सापासारख्या मोठ्या खवल्यांनी झाकलेले, जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला आणि तोंडात तीक्ष्ण दात, ही तिची ओळख. पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो, पोटाखालचाही तसाच लांब असतो. दोन्ही परांत काटे नसतात. डोक्याच्या या ठेवणीवरून युरोपीय शास्त्रज्ञांनी तिच्या कुळाला आधी ‘सर्पशीर्ष’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले होते. आज हे कूळ ‘चन्ना’ या नावाने ओळखले जाते.

मरळ म्हणजे एकच जात नव्हे. दख्खनच्या पाण्यात या कुळातल्या चार जाती प्रामुख्याने भेटतात. बाजारात नेहमी दिसणारी पट्ट्यांची मरळ म्हणजे चन्ना स्ट्रायटा. तिची पाठ काळपट, पोट पांढरे आणि कुशीवर तिरपे पट्टे असतात. दुसरी चन्ना मारूलियस. ती आकाराने सर्वांत मोठी असून मीटरभराहून लांब वाढू शकते. शेपटीच्या बुंध्याशी तिला डोळ्यासारखा गोल ठिपका असतो. कानडी आणि तेलुगू मुलखांत याच ठिपक्यावरून तिला फुलाचे नाव मिळाले आहे. तिसरी चन्ना पंक्टाटा, ठिपक्याठिपक्यांची आणि वीतभराची. चौथी चन्ना गाचुआ, जिला ठिकठिकाणी डोक किंवा डोकऱ्या म्हणतात. ही ओढ्यातल्या दगडांच्या कपारीत आणि भातखाचरांत राहते आणि क्वचितच वीतभराच्या पुढे वाढते.

पहिल्या आणि तिसऱ्या जातीचे शास्त्रीय वर्णन बर्लिनच्या मार्कुस ब्लोख याने १७९३ मध्ये केले. दुसऱ्या आणि चौथ्या जातीचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याच्या गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात आले. दख्खनच्या माशांची पहिली पद्धतशीर नोंद मात्र कर्नल विल्यम साइक्स याची. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खनभर फिरला. भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे त्याने गोळा केले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि पुढे लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत त्यांची वर्णने छापली. कोळ्यांच्या आणि भोयांच्या तोंडची नावे त्याने शास्त्रीय नावांत घेतली. ‘कोलस’ आणि ‘खुद्री’ ही दोन नावे आजही शास्त्रात चालतात. मरळीला त्याने ‘पांढऱ्या ठिपक्यांची’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. ती म्हणजे मोठीच मरळ, असे पुढे बराच काळ मानले गेले. त्याच्या कामामुळे भीमेच्या खोऱ्यातली मरळ शास्त्राच्या दप्तरात जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच दाखल झाली आहे.

श्वास

मरळीचे सगळे वेगळेपण तिच्या श्वासात आहे. बहुतेक मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतात. मरळीला कल्ले असतात, पण ते पुरत नाहीत. तिच्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या त्वचेचा एक कप्पा असतो. ती पृष्ठभागावर येते, वापरलेली हवा सोडते, ताज्या हवेचा घोट घेते आणि खाली जाते. त्या हवेतला प्राणवायू या कप्प्यातून रक्तात जातो.

पट्ट्यांच्या मरळीच्या बाबतीत हा श्वास ऐच्छिक नाही. पूर्ण वाढलेल्या मरळीला पृष्ठभागापर्यंत येऊ दिले नाही, तर स्वच्छ, भरपूर प्राणवायूच्या पाण्यातही ती गुदमरून मरते. पाण्याखाली लावलेल्या जाळ्यात अडकलेली मरळ म्हणूनच फार वेळ तग धरत नाही. पिले सुरुवातीचे दिवस कल्ल्यांवर काढतात. हवेचा कप्पा तयार झाला की तीही वर यायला लागतात.

याचा फायदा उन्हाळ्यात दिसतो. तळे आटत आले की पाणी तापते, गढूळ होते, शेवाळ आणि पाला कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. रोहू आणि कटला अशा पाण्यात पोट वर करून तरंगू लागतात. मरळीला त्याचे काही वाटत नाही. पाणी आणखी कमी झाले की ती गाळात शिरते. गाळ ओला राहील तोवर आणि अंगातली चरबी पुरेल तोवर ती तशीच पडून राहते. पाऊस सुरू झाला की भिजल्या गवतातून, चिखलातून अंग हेलकावत एका डबक्यातून शेजारच्या पाण्यात जाते. शेतात, पाण्यापासून चार हात अंतरावर मासा सापडल्याच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात. मरळीच्या बाबतीत त्या खोट्या मानण्याचे कारण नाही.

जळकोटचा मुलूख

मरळीला मानवणाऱ्या अशा आटत्या पाण्याचा एक मुलूख म्हणजे जळकोटचा. जळकोट हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले गाव सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या पूर्वेस आहे. लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे. हा भाग अवर्षणप्रवण आहे. पाऊस चार महिन्यांत येतो आणि तोही सारखा पडत नाही. जमीन काळी, खाली बेसॉल्टचा कातळ. नद्या बारमाही नाहीत. नळदुर्गजवळून वाहणारी बोरी पुढे अक्कलकोटकडे जाऊन भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्व समुद्राला. जिल्ह्याचा उत्तर-पूर्व भाग मात्र तेरणा आणि मांजरा यांच्यामार्फत गोदावरीच्या खोऱ्यात येतो. एकाच जिल्ह्यातले पाणी असे दोन मोठ्या नद्यांत वाटले गेले आहे आणि दोन्ही खोऱ्यांत मरळ आहे.

या मुलखाला साठवलेल्या पाण्याची जुनी सवय आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, इसवी सन १६१३ च्या सुमाराचा. पावसाळ्यात नर आणि मादी या नावांच्या सांडव्यांवरून पडणारे पाणी पाहायला आजही गर्दी होते. सोलापूरजवळचा हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पुरा झाला. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात शेकडो पाझर तलाव खणले गेले. गावतळी, बारवा, विहिरी, ओढ्यावरचे बंधारे आणि आताची शेततळी हे सगळे मिळून या भागाचे पाणी होते.

या पाण्याचा स्वभाव एकच, भरणे आणि आटणे. वाहत्या, थंड, स्वच्छ पाण्याच्या माशांना हा स्वभाव मानवत नाही. खोल डोहांतला आणि खडकाळ प्रवाहातला महाशीर इथल्या पाझर तलावात वाढत नाही. मरळीला उथळ, कोमट, पाणकणीस आणि लव्हाळ्यांनी भरलेला काठच हवा असतो. दुष्काळी भागाचा स्वतःचा म्हणावा असा मोठा मासा निवडायचा झाला, तर तो मरळच ठरेल. प्लास्टिक अंथरलेले, उभ्या बाजूंचे शेततळे मात्र तिच्या कामाचे नाही. तिथे घरट्याला गवत नाही आणि बसायला गाळ नाही.

वीण आणि पिलांची राखण

मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. मृगाचा पाऊस पडून तळ्याच्या काठावरचे गवत पाण्याखाली गेले की नरमादीची जोडी उथळ पाण्यात जागा धरते. दोघे मिळून पाणवनस्पती बाजूला सारतात, दातांनी तोडतात आणि एक गोल मोकळी जागा तयार करतात. वरून पाहिले तर हिरव्या गवतात ठेवलेल्या थाळीएवढे ते पाणी दिसते. मादी अंडी घालते. अंड्यात तेलाचा थेंब असल्याने ती तरंगतात आणि पृष्ठभागावर मधाच्या रंगाची पातळ साय धरल्यासारखी दिसतात. दोनेक दिवसांत पिले बाहेर येतात.

यानंतरचा भाग माशांच्या जगात क्वचित आढळणारा. बहुसंख्य मासे अंडी टाकून निघून जातात. मरळीची जोडी पिलांखाली थांबते. तांबूस-केशरी पिलांचा दाट थवा तळ्यात एकत्र फिरतो आणि खालून आईबाप त्याला राखतात. पिले हवा घ्यायला वर आली की तेवढ्या जागेचे पाणी उकळल्यासारखे दिसते. बगळा, पाणकावळा, पाणसाप, दुसरा मासा, कुणीही जवळ आले की मोठी मरळ धडक मारते. ही राखण सुमारे महिनाभर चालते. डोकऱ्याची रीत आणखी वेगळी. त्यात नर अंडी आणि पिले आपल्या तोंडात सांभाळतो.

पिले मोठी झाली की हा कुटुंबवत्सलपणा संपतो. एकाच थव्यातली मोठी पिले लहानांना खाऊ लागतात. मरळीच्या शेतीत सर्वांत मोठी अडचण हीच असते.

गळाला लागणारी मरळ

गळाचा छंद असलेल्या माणसाला मरळ का आवडते, याचे पहिले उत्तर पुन्हा तिच्या श्वासात आहे. बहुतेक मासे पाण्याखाली कुठे आहेत हे अंदाजाने ठरवावे लागते. मरळ दर थोड्या वेळाने स्वतः वर येऊन आपला पत्ता सांगते. शांत पाण्यात गवताच्या कडेला एक मंद गोल वलय उठते, कधी बुडबुडे येतात, कधी काळे नाक क्षणभर दिसते. अनुभवी माणूस काठावर बसून आधी हेच पाहतो. मासा कोणत्या झुडपाखाली बसतो, किती वेळाने वर येतो आणि वलय केवढे आहे, यावरून तो मोठा की लहान हेही त्याला कळते. रोहूसाठी गळ टाकणारा आमिष टाकून वाट पाहतो. मरळीच्या मागे असलेला आधी पाहतो आणि मग गळ टाकतो. हा छंद गळाचा आहे तितकाच नजरेचाही आहे.

दुसरे कारण तिची शिकारीची पद्धत. मरळ पाठलाग करत नाही, दबा धरते. लव्हाळ्याच्या सावलीत निश्चल उभी राहते आणि बेडूक, मासोळी किंवा मोठा किडा टप्प्यात आला की एका झेपेत उचलते. तिचा हल्ला पृष्ठभागावर होतो, म्हणून तो दिसतो आणि ऐकूही येतो. पाण्यावर जोरात थाप मारावी तसा आवाज होतो आणि तंगूस ताठ होतो.

गावाकडची जुनी पद्धत साधी आहे. लांब, चिवट बांबूची काठी, काठीएवढाच किंवा त्याहून आखूड दोरा आणि मोठा गळ. आमिष म्हणून बेडूक, लहान मासोळी, गांडुळांचा झुबका किंवा कोंबडीचे आतडे. गवताच्या मोकळ्या जागेत आमिष हळूच टेकवायचे, उचलायचे, पुन्हा टेकवायचे. पाण्यावर उड्या मारणाऱ्या बेडकाची ही नक्कल. काही जण एका लांब दोरीला अनेक गळ बांधून रात्रभर काठाला लावून ठेवतात. तो पोटापाण्याचा उद्योग झाला, छंद नव्हे.

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या हौशी मंडळींत रबरी बेडकाचा वापर वाढला आहे. पोकळ, मऊ रबराच्या बेडकाच्या पाठीला दोन गळ चिकटून असतात. गवतावरून ओढला तरी तो अडकत नाही. मरळीने तोंडात दाबला की रबर चेपते आणि गळ उघडे पडतात. सोबत ताठ काठी, रीळ आणि विणलेला मजबूत दोरा लागतो. नाजूक साधन इथे चालत नाही. गळाला लागलेली मरळ उघड्या पाण्यात पळत नाही, सरळ गवताच्या जाळीत घुसते. तिला तेवढी सवड दिली की दोरा गवतात गुंततो आणि मासा जातो. तिचा जबडा हाडाचा आणि कठीण असल्याने गळ रुतवायला झटका जोरात द्यावा लागतो. तो घाईने दिला तर बेडूक तोंडातून निसटतो. थाप ऐकल्यावर क्षणभर थांबून मग काठी उचलणे, हे नवशिक्याला सर्वांत उशिरा जमते.

बेडकाबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जिवंत बेडूक हे मरळीचे सर्वांत जुने आमिष असले, तरी बेडूक स्वतःच संकटात आहेत. शेतातली कीड खाणारा हा प्राणी फार मारला जातो हे लक्षात आल्यावर बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. रबरी बेडकाने काम होत असताना जिवंत बेडूक गळाला टोचण्याला आता समर्थन नाही.

पुस्तकांतली मरळ

इंग्रजी अमदानीत भारतातल्या गळाच्या शिकारीवर बरेच लिहिले गेले. मद्रास मुलकी सेवेतला हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये निघाले. त्या पुस्तकाचा नायक महाशीर. पण प्रत्येक अधिकाऱ्याची बदली डोंगरी नदीच्या काठावर होत नसे. मैदानातल्या ठाण्यावर तळेच काय ते असे. थॉमसने १८८७ मध्ये ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे केवळ तळ्यांतल्या गळावरचे पुस्तक काढले. तळ्यांच्या मुलखात मरळीला टाळून गळाची गोष्ट सांगताच येत नाही. ‘मरेल’ हे तिचे इंग्रजी नाव मराठी आणि दख्खनी बोलीतल्या नावाशी उघडपणे मिळते.

पुढे १९४८ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅकडोनल्ड याचे महाशीर आणि इतर शिकारी माशांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच उतरंड दिसते. महाशीर आधी आणि बाकीचे ‘इतर’. स्वातंत्र्यानंतरही हौशी लोकांच्या मनातली ही उतरंड टिकली. महाशीरासाठी टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ पैदास केंद्र चालवले आणि तिथली पिले देशभर गेली. मुंबईकरांचा गळ पवई तलावावर पडत राहिला. मरळ कुठेही मिळते, म्हणून ती कुणाच्याच अभिमानाचा विषय झाली नाही.

उपेक्षेची कारणे

उपेक्षेचे मोठे कारण मात्र मत्स्यशेतीत आहे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांची कृत्रिम वीण यशस्वी केली. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज हवे तेव्हा, हवे तेवढे मिळू लागले आणि देशभरातल्या तलावांत ते सोडले जाऊ लागले. हे तिन्ही मासे भारतीयच, पण मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. बोरी-भीमेच्या पाण्यात ते माणसाने आणले. देशी आणि स्थानिक या दोन शब्दांतला फरक इथे लक्षात घेण्यासारखा आहे.

कार्पच्या तलावात मरळीचे स्थान शत्रूचे झाले. बोटाएवढे बीज सोडायचे आणि मरळीने ते खायचे, हे ठेकेदाराला परवडत नाही. मत्स्यशेतीच्या पाठ्यपुस्तकांत तळे तयार करण्याच्या प्रकरणात भक्षक माशांच्या यादीत मरळ असते आणि उपाय म्हणून मोहाची पेंड सांगितलेली असते. हेक्टरी मीटरभर खोल पाण्याला अडीच हजार किलो पेंड टाकली की तिच्यातल्या विषारी द्रव्याने माशांच्या रक्तपेशी फुटतात. हवेत श्वास घेणारी मरळही यातून सुटत नाही. पुढे ही पेंड तळ्याला खत म्हणून उपयोगी पडते. हिशेबात हे बरोबर आहे. फक्त या हिशेबात मरळीच्या बाजूचा रकाना नाही.

तिला नवे शेजारीही मिळाले. आफ्रिकेतली तिलापिया, म्हणजे चिलापी, १९५२ मध्ये भारतात आली आणि आज उजनीसारख्या जलाशयांत तिचीच गर्दी आहे. आफ्रिकी मांगूर हा बंदी असलेला मासा चोरून पाळला जातो आणि पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरतो. तोही हवेत श्वास घेतो, तोही आटत्या पाण्यात टिकतो. कठीण दिवसांत मरळीला आजवर जी मोकळीक होती, तिच्यात हा पहिला खरा वाटेकरी आला आहे.

बाजार आणि औषध

मत्स्यशेतीच्या पुस्तकातली ही शत्रू बाजारात मात्र मानाची मासळी आहे. तिच्या मांसात बारीक काटे फार नसतात, म्हणून लहान मुलांना आणि आजाऱ्यांना ती निर्धास्त देता येते. हवेत श्वास घेत असल्याने ओल्या पोत्यात किंवा थोड्या पाण्याच्या पातेल्यात ती तासन्‌तास जिवंत राहते. गिऱ्हाइकाला जिवंत मासळी निवडून घेता येते आणि जिवंत मरळीला मेलेलीपेक्षा नेहमीच जास्त भाव मिळतो. पाण्याखालच्या जाळ्यातली मरळ गुदमरते, गळाची जिवंत हाती येते. त्यामुळे गळवाल्याची मरळ बाजारात वरचढ ठरते.

जळकोटवरून जाणारा महामार्ग ज्या हैदराबादला पोचतो, तिथे मरळीचे वजन आणखी मोठे आहे. तेलुगूत तिला कोरमेनू म्हणतात आणि तेलंगणाने तिला राज्यमासा ठरवले आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये आपला राज्यमासा निवडला तो पापलेट, म्हणजे समुद्रातला. हैदराबादेत दरवर्षी मृगाच्या मुहूर्तावर दम्याच्या रुग्णांना औषध भरलेले मरळीचे जिवंत पिल्लू गिळायला देतात. हे औषध देणाऱ्या बथिनी कुटुंबाच्या सांगण्यानुसार ही प्रथा १८४५ पासूनची आहे. तिचा गुण वैद्यकीय कसोटीवर सिद्ध झालेला नाही, पण त्या एका दिवसासाठी मरळीची पिले फार मोठ्या संख्येने लागतात. मलेशिया आणि इंडोनेशियात शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर जखम भरावी म्हणून मरळीचे सूप देण्याची पद्धत आहे आणि तिच्या मांसातल्या अल्ब्युमिनवर तिथे संशोधनही झाले आहे.

मागणी असूनही मरळीची शेती मागे राहिली, त्याचे कारण पिलांचा आपसातला खादाडपणा. आकारानुसार पिले वेगळी करत राहावी लागतात, सुरुवातीला जिवंत खाद्य द्यावे लागते आणि मग हळूहळू गोळीखाद्याची सवय लावावी लागते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने पट्ट्यांच्या मरळीची पैदास आणि संगोपन यांवर काम केले आहे. दक्षिणेत सिंचनाच्या विहिरींत मरळ वाढवण्याची जुनी पद्धत आहे. तिचा विचार विहिरींच्या या मुलखातही करण्यासारखा आहे.

घरची परकी, परक्याची घरची

मरळीचे कूळ अमेरिकेत पोचल्यावर उलटे चित्र दिसले. २००२ मध्ये मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात चीनकडची एक जात सापडली. जमिनीवर चालणारा राक्षसी मासा म्हणून वर्तमानपत्रांनी तिला रंगवले, तळ्यात विष घालून ती मारण्यात आली आणि त्याच वर्षी या कुळातल्या सगळ्या जिवंत माशांच्या आयातीवर केंद्रीय कायद्याने बंदी आली. त्याआधी, २००० मध्ये, फ्लोरिडाच्या कालव्यांत आपल्या मोठ्या मरळीच्या जवळची मरळ आढळली होती. कुणीतरी हौसेने किंवा खाण्यासाठी आणून सोडली असावी. आज तिथे हौशी गळवाले रबरी बेडूक घेऊन खास तिच्यामागे जातात. तिथे ती घुसखोर आहे आणि तिला पकडून मारावे असे सरकारच सांगते. जिथे मरळ मूळची आहे, तिथे तिच्यासाठी गळाचा एखादा नियम असावा, असे मात्र फारसे कुणाला वाटलेले नाही.

रोग, धोके आणि गळाची शिस्त

१९८८ मध्ये ईशान्येकडून एक साथ भारतात शिरली आणि काही वर्षांत ती देशभर पसरली. माशांच्या अंगावर लाल, खोल जखमा पडत. एका बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या या रोगाने सर्वांत जास्त झोडपले ते मरळींना. थंडीत, पाणी उतरताना आणि गारठताना तो आजही डोके वर काढतो. दुसरे धोके माणसाने तयार केलेले आहेत. शेतातून वाहून येणारी कीटकनाशके, तळ्याच्या काठाचा गाळ आणि गवत उन्हाळ्यात यंत्राने खरवडून नेणे, आटत्या डबक्यात वीज सोडून किंवा स्फोटके टाकून मासे मारणे. गाळ काढणे तळ्यासाठी गरजेचे आहे. पण एखादा कोपरा गाळगवतासह सोडला, तर साठवणही वाढते आणि मरळीला उन्हाळा काढायला जागाही उरते.

गळाच्या छंदाची जबाबदारी याच्यापुढे सुरू होते. बहुतेक तलाव मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. गळ टाकण्याआधी त्यांची परवानगी घेणे हा पहिला नियम. लहान मासा सोडून द्यावा, हा दुसरा. मरळ हवेत श्वास घेत असल्याने काळजीपूर्वक गळ काढून सोडलेली मरळ जगण्याची शक्यता चांगली असते. हवेत श्वास घेण्याची जी ताकद तिला आटत्या पाण्यात तगवते, तीच इथेही कामी येते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा. पिलांच्या केशरी थव्यावर रबरी बेडूक टाकला की आईबाप हमखास हल्ला करतात. ती भूक नसते, राखण असते. हा मासा मिळवणे सोपे असते, त्यात नजर लागत नाही आणि कसबही लागत नाही. एक मरळ उचलली की वर तरंगणारी शेकडो पिले त्याच दिवशी बगळ्यांच्या आणि दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. पुढच्या दोन-तीन हंगामांचा मासा एका झटक्यात संपतो. आषाढ-श्रावणात तळ्याच्या काठी पाणी उकळल्यासारखे दिसले, तर हौशी माणसाने काठी गुंडाळावी आणि दुसऱ्या काठाला जावे.